लेकराचे पाय पुन्हा पुन्हा दुखत असतील तर पूर्ण उत्तर मागा

पवनी तालुक्यातील आसगाव आणि आजूबाजूच्या गावांत बौद्ध वस्तीवर आम्ही आरोग्याची बैठक घेतो. बीपी-शुगर तपासून झाली, बाया घरी निघाल्या, की एखादी आई हमखास मागे थांबते. तिचे म्हणणे जवळजवळ ठरलेले असते. "बाई, पोराचे पाय लय दुखते. रातभर रडते. डाक्टरनं गोळ्या देल्ल्या का बरं वाटते, अन् पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. काहून होत असंन?"

तोवर त्या आईला अनेक उत्तरे मिळालेली असतात. कोणी म्हणाले वाढीचे दुखणे आहे, आपोआप जाईल. कोणी कॅल्शियमची बाटली दिली. कोणी वात सांगितला, कोणी हाडवैद्याकडे पाठवले, कोणी बाहेरचे सांगून दोरा बांधला. शाळेत म्हणाले, अभ्यास नको म्हणून नाटक करतो. प्रत्येकाने काही ना काही दिले, पण दुखण्याचे कारण शोधले गेले नाही. यात दोन-चार वर्षे जातात. पैसा जातो, शाळा बुडते, आणि लेकराला वाटू लागते की आपले कोणी ऐकतच नाही.

म्हणून या अंकात एकच विषय घेतला आहे. आपल्या भागात लेकराचे पाय पुन्हा पुन्हा दुखत असतील तर कोणती तपासणी मागायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि तेवढ्यावर कधी थांबायचे नाही, हे समजून घेऊ.

सिकलसेलची शंका आधी का घ्यायची?

विदर्भात, आणि विशेषतः आपल्या समाजात, सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. ही गोष्ट नवी नाही. 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या महार समाजातील लोकांमध्ये सुमारे 22 टक्के लोकांच्या रक्तात सिकलसेलचा अंश आढळला होता. म्हणजे साधारण पाचांत एक. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तरीही आज पाय दुखतात म्हणून दहा ठिकाणी फिरलेल्या मुलाच्या कागदांमध्ये सिकलसेलची तपासणीच नसते, हे आम्हाला अजूनही दिसते.

सिकल म्हणजे विळा, आपल्याकडचा इळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, म्हणून बारीक रक्तवाहिनीतूनही सहज जातात. सिकलसेलमध्ये या पेशी वाकड्या आणि कडक होतात. 1910 साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी वेस्ट इंडिजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावरून पुढे आजाराला हे नाव पडले.

अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही आणि ते हाड ठणकू लागते. लेकरू रडते ते यामुळे. बाहेरून पाहिले तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, एक्स-रे साधा. म्हणून मोठ्यांना ते नाटक वाटते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकल झालेली पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. पिवळे डोळे पाहून घरचे काविळीची माळ घालतात, झाडा घालतात. पुढे पिवळेपणा थोडा उतरला की माळेचा गुण आला असे वाटते, आणि तपासणी पुन्हा राहून जाते.

कोणत्या खुणा पाहायच्या?

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांचे पंजे किंवा बोटे एकाएकी सुजली, बाळ हात लावू देत नाही, ही बहुतेक वेळा पहिली खूण असते. मोठ्या मुलात पाय, हात, पाठ, कंबर, कधी पोट ठणकते. दुखणे तासाभरात किंवा काही दिवसांत उतरते आणि महिना-दोन महिन्यांनी परत येते. डोळे पिवळे, चेहरा फिका, वारंवार ताप-खोकला, पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढलेली, वयाच्या मानाने वाढ कमी, या खुणा सोबत असतील तर शंका आणखी वाढते.

दुखणे कशानंतर सुरू होते तेही पाहा. थंडी, ताप, उन्हातली धावपळ, पाणी कमी पिणे, फार थकवा यांनी सिकलसेलचे दुखणे उसळते. आपल्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत पोरे आईसोबत दिवसभर बांधीच्या पाण्यात भिजतात. थंडीच्या दिवसांत बोडीवर अंघोळ करतात. त्या रात्रीच पाय ठणकायला लागले, असे पुन्हा पुन्हा घडत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासणीचे दोन टप्पे

पहिली तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि काही मिनिटांत निकाल देतात. तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. उपकेंद्रातील सिस्टरला किंवा आशाताईला विचारा, ती कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते त्या सांगतील. सरकारी दवाखान्यात या तपासणीला पैसे लागत नाहीत.

पण ही चाचणी पॉझिटिव्ह आली याचा अर्थ एवढाच की रक्तात सिकलसेलचा अंश आहे. मूल वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. अनेक घरांत पहिल्या चाचणीवरच गाडी थांबते. कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहिलेले असते, आणि घरातले पाच वर्षे तोच कागद जपून ठेवतात. म्हणून दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट हातात मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतील बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. आणि मुलाला नुकतेच बाहेरचे रक्त चढवले असेल तर रिपोर्ट चुकू शकतो, साधारण तीन महिने थांबून तपासावे लागते. रक्त कधी चढवले होते ते तपासणीच्या आधी सांगा.

रिपोर्टवर 'एए' असेल तर सिकलसेल नाही. 'एएस' असेल तर मूल वाहक आहे. 'एसएस' असेल तर मुलाला आजार आहे. काही मुलांत एका बाजूने सिकलसेल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आलेला असतो. त्यांनाही एसएससारखाच त्रास होऊ शकतो. म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

सिकलसेल नसेल तर?

आता महत्त्वाची गोष्ट. रिपोर्ट 'एएस' आला, की "पाय त्यामुळेच दुखतात" असे म्हणून घरचे आणि कधी दवाखान्यातलेही गप्प बसतात. वाहक मूल साधारणपणे निरोगी असते. वाहक असल्यामुळे पाय वारंवार दुखत नाहीत. म्हणून 'एएस' किंवा 'एए' रिपोर्ट आला आणि दुखणे सुरूच असेल, तर दुसरे कारण शोधायलाच हवे.

वाढीचे दुखणे खरेच असते. ते संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्या दुखतात, चोळल्याने बरे वाटते, आणि सकाळी मूल खेळायला पळते. ताप नाही, सूज नाही, लंगडणे नाही. असे असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

पण घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजत असतील, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. चार ते आठ वर्षांचे मूल लंगडते आणि गुडघा दुखतो म्हणते, तेव्हा दोष कधी कधी खुब्यात असतो, म्हणून खुब्याचा एक्स-रे लागतो. पाय वाकत चालले असतील तर ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. संध्याकाळी बारीक ताप, वजन कमी होणे आणि आठवडेच्या आठवडे लंगडणे असेल तर हाडाचा क्षयरोग पाहावा लागतो. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगही आहे. जांघेत गाठ, पायावर लालसर सूज आणि थंडी-ताप असेल तर त्याची रक्ततपासणी मागा. हाडे दुखणे, फिकेपणा, अंगावर निळे-लाल डाग, हिरड्यांतून रक्त, उतरत नाही असा ताप, हे सगळे एकत्र असेल तर एक दिवसही थांबू नका. रक्ताचा कर्करोग अशा खुणांनी सुरू होऊ शकतो, आणि मुलांमध्ये तो वेळेवर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

डॉक्टरांकडे जाताना

दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ थोडा असतो. आईने गोंधळून "नेहमीच दुखते" म्हटले की गोळ्या लिहून मिळतात. म्हणून एक जुनी वही करा. त्यात तारीख, कुठे दुखले, किती वेळ, ताप होता का, डोळे पिवळे होते का, आधी काय झाले होते, शाळा किती दिवस बुडाली, एवढे लिहा. आईला लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीला सांगा. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फेकू नका.

आणि तीन प्रश्न विचारा. "साहेब, या दुखण्याचे कारण काय? सिकलसेलची दुसरी तपासणी झाली आहे का? ते नसेल तर आता पुढे काय तपासायचे?" प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. पवनीच्या ग्रामीण रुग्णालयात सोय नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासाठी आणि तिथून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोसाठी लेखी चिठ्ठी मागून घ्या.

एक धोका स्पष्ट सांगतो. गावात फिरणारे काही जण दुखण्यावर स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. लेकरू तासाभरात उठून बसते आणि घरचे खूश होतात. सिकलसेलच्या मुलात त्यानंतर दुखणे दुप्पट जोराने उलटू शकते. कशाचे इंजेक्शन आहे ते लिहून दिल्याशिवाय टोचून घेऊ नका. तसेच सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते बहुतेक वेळा लोह कमी म्हणून नव्हे. म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या बाटल्या पाजू नका, डॉक्टरांना विचारा.

एसएस निघाले तर

रिपोर्ट ऐकून आया कोसळतात. आम्ही त्यांना सांगतो की कारण कळले, आता काम सुरू झाले. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध नियमित घेतले तर बहुतेक मुलांत दुखण्याचे झटके आणि दवाखान्यात भरती होणे कमी होते. हे सरकारी रुग्णालयातून मिळते. डॉक्टर ते वजनाप्रमाणे ठरवतात, आणि मधून मधून रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून बंद करायचे नाही. सोबत फोलिक अ‍ॅसिडची गोळी, सगळ्या लसी, आणि लहान वयात जंतुसंसर्ग टाळायला पेनिसिलिन डॉक्टर देतात.

घरी काय करायचे? भरपूर पाणी पाजायचे. थंडीत ऊब द्यायची, ओले कपडे लगेच बदलायचे. दुखत असेल तिथे कोमट शेक द्यायचा, बर्फ कधीच लावायचा नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी घरात ठेवायची.

101 अंशांच्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोट डावीकडे फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, मुलग्याच्या लिंगाला न उतरणारा दुखरा ताठरपणा, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

शाळेतल्या गुरुजी-मॅडमना भेटून सांगा की या मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जाऊ द्या. सिकलसेलमध्ये लघवी जास्त होते, रात्री अंथरूणही ओले होते. त्यासाठी लेकराला मारू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलतींसाठी अर्ज करता येतो. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. नागपूरच्या फेऱ्या करताना तिचा मोठा आधार होतो. डेपोत कोणते कागद लागतात ते आधी विचारून घ्या.

या सवलती आपोआप आल्या नाहीत. नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या मुलाला सिकलसेल होता. घरातल्या त्या दुःखातून त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि रुग्णांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर नव्हते. आपल्या लेकराच्या आजाराला उत्तर मागत मागत त्यांनी हजारो घरांसाठी वाट केली.

दोष कोणाचा?

मूल एसएस निघाले की बोट सुनेकडे जाते. "तुझ्या माहेराहून आलं." काही पोरींना यावरून घरी पाठवल्याचेही आम्ही पाहिले आहे. एसएस मुलात एक अंश आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. एकटी आई जबाबदार असूच शकत नाही.

हा आजार जातीचाही नाही. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, आणि आपल्याकडे आदिवासी व इतर समाजांतही तो आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहक माणसे हिवतापातून जास्त वाचली, म्हणून हा अंश टिकला. यात रक्त अशुद्ध असण्याचा प्रश्न येत नाही. दुःखाला कारण असते असे मानणाऱ्या समाजाने दोरे-गंडे आणि दोषारोप दोन्ही सोडून कारणाकडे पाहायला हवे.

आपण कुंडली पाहणे सोडले. आता लग्न ठरवण्याआधी मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही, सिकलसेल रिपोर्ट पाहायची रीत पाडू या. वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण, नोकरी लिहितो तसे हेही लिहावे. वाहकाने लग्न करायचे नाही असा याचा अर्थ नाही. वाहक आणि एए यांचे लग्न झाले तर मुलांना आजार होत नाही. दोन्ही वाहक असतील तर निर्णय त्यांचा, पण तो माहिती घेऊन व्हावा. लग्न आधीच झाले असेल तर दिवस राहिल्याबरोबर, तीन महिने पुरे होण्याआधी, डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात करता येते. आणि फक्त मुलीचा रिपोर्ट मागून तिला नाकारणे, हा अन्याय आपल्या वस्तीत होऊ देऊ नका.

विहारातून सुरुवात

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या वस्त्यांतही हा आजार तितकाच मुरलेला आहे, म्हणून आपण आवाज दिला नाही तर मागे राहू.

आसगावसारख्या प्रत्येक गावात महिला मंडळाने एवढे करावे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा ज्या मुलांचे पाय वारंवार दुखतात, ज्यांचे डोळे पिवळे दिसतात, त्यांची यादी करा. जाहीर वाचू नका, ती एका जबाबदार ताईकडे राहू द्या. कोणाची पहिली तपासणी झाली, कोणाची दुसरी बाकी आहे, तेवढे समोर लिहा. यादी घेऊन चार-पाच जणी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि वस्तीवर तपासणीचा दिवस लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. तारीख मिळाली की मजुरीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, पण लेकरांना घेऊन या.

आणि तोवर लेकरू रात्री पाय दुखतात म्हणाले तर त्याला नाटकी म्हणू नका. उठून पाणी द्या, पाय शेका, आणि वहीत तारीख लिहून ठेवा.

जय भीम!